रविवारचं पत्रक, फ्लेक्स, पडदा आणि व्हॉट्सॲप: मंडळीचे निरोप नीट कसे पोचवायचे? (सांगली-मिरज)

हळदपेठ (सांगली)
जय ख्रिस्त. जाणकारांकडून नेमका सल्ला हवा आहे.

दीडशे कुटुंबांची मंडळी. रविवारी भक्तीला साधारण १८० माणसं, त्यातला तिसरा हिस्सा साठीच्या पुढचा. आत्ता ए४ कागदावर दोन्ही बाजूंनी उपासनाक्रम आणि सूचना निघतात. मजकूर श्री-लिपीत ११ पॉइंटमध्ये टाइप होतो, मग झेरॉक्स. ग्रुपवर त्याच कागदाचा फोटो जातो. आता प्रोजेक्टर आलाय, पडदा ८ फूट बाय साडेचार फूट, शेवटचा बाक पडद्यापासून ५० फुटांवर. येत्या आगमनकाळापासून (नाताळाआधीचे चार आठवडे), म्हणजे २९ नोव्हेंबर २०२६ पासून, सगळं नव्याने बसवायचं पास्टोरेट कमिटीने ठरवलंय.

पत्रक चालू ठेवायचं की बंद करायचं? अक्षर किती मोठं? पडद्यावर गीतं कशी घालायची? नाताळच्या फ्लेक्सवर काय हवं? दानपेटीजवळ क्यूआर कोड लावायचा विचार आहे, त्यात काय बघायचं?

कृष्णाघाट (सांगली)
पत्रक बंद करा असं माझं मत. १८० पैकी निम्मी माणसं ते बाकावरच सोडून जातात. सूचना ग्रुपवर टाका, गीतं पडद्यावर.

जुळारी (मिरज)
बंद करू नका. बाकावर पत्रकं राहतात त्याचं कारण बहुतेक वेळा अक्षर. ११ पॉइंट देवनागरी म्हणजे इंग्रजी ९ पॉइंटसारखं दिसतं, कारण वरची वेलांटी, अनुस्वार आणि खालचा उकार यांनाच बरीच उंची जाते आणि मधल्या अक्षराला थोडी उरते. ते वाचायला चष्म्यालाही जड जातं.

हिशोब देतो. ए४ आडवा धरून मधे घडी घाला, ए५ ची चार पानं होतात. कडेला १२ मिमी समास. अक्षर १४ पॉइंट, ओळीपासून ओळीचं अंतर २० पॉइंट. एका पानावर २६ ओळी बसतात. चार पानांच्या १०४ ओळी एका रविवारला पुरेशा आहेत. पुरत नसतील तर मजकूर कमी करा, अक्षर नको. शिवाय १८ पॉइंटमध्ये, घडी न घालता, ए४ वर दहा-बारा प्रती वेगळ्या काढा आणि दाराशी उभ्या असणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातात द्या. त्या मागून घ्याव्या लागल्या तर कुणी घेत नाही, म्हणून त्याने स्वतःहून पुढे कराव्यात.

ओळी डावीकडून सरळ ठेवा, दोन्ही कडा समान करू नका. आपले शब्द प्रत्ययांनी लांबतात, 'उपासनेनंतरच्या', 'मंडळीतल्यांसाठी' असे. सॉफ्टवेअर मराठी शब्द धड तोडत नाही, मग शब्दांमध्ये ढेंगभर मोकळी जागा पडते.

कागद ७० नाही, ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकचकीत छपाईचा कागद, घ्या. ७० ला मागची छपाई पुढे दिसते. १८० माणसांना १८० प्रती लागत नाहीत. एका कुटुंबाला एक धरून १२० पुरतात. पावसाळ्यात रीम उघडी ठेवली की कागद दमट होऊन वळतो आणि मशीनमध्ये अडकतो. जेवढा लागेल तेवढाच बाहेर काढा, बाकी मूळ वेष्टनातच.

हळदपेठ
जुळारी काका, कुठल्या पानावर काय?

जुळारी
पहिल्या पानावर मंडळीचं नाव, पूर्ण पत्ता, तारीख वारासहित, त्या रविवारचं नाव (आगमनकाळाचा पहिला, झावळ्यांचा वगैरे), भक्तीची वेळ. दुसऱ्यावर पूर्ण उपासनाक्रम. तिसऱ्यावर सूचना, जास्तीत जास्त पाच. चौथ्यावर आठवड्याचा तक्ता (महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल, कॉटेज प्रार्थना) आणि पाळकांचा, सेक्रेटरींचा फोन. चौथं पान दर आठवड्याला जवळजवळ तेच राहतं, त्यामुळे श्रम दुसऱ्या-तिसऱ्या पानावर जातात.

श्री-लिपी सोडा. तो जुना फॉन्ट अक्षरांच्या जागी दुसरेच संकेत साठवतो, म्हणून व्हॉट्सॲपवर चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा गिचका दिसतो. त्यामुळेच तुम्ही फोटो पाठवताय. मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर सारखा चालणारा अक्षरसंकेत) एकदाच टाइप करा, तोच पत्रकात, तोच पडद्यावर, तोच ग्रुपवर. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो देवनागरी, दोन्ही मोफत आहेत आणि जाड-बारीक वजनं मिळतात. भाषा 'मराठी' निवडायला विसरू नका. हिंदी निवडली तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ल आणि श चं मराठी वळण ठरवून दिलंय.

सुतारपेन्सिल (विश्रामबाग)
छापखान्याकडे वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड मजकूर उघडला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटून हलन्त दिसतात. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाचा कंपोझर 'वर्ल्ड-रेडी' निवडायचा. फोटोशॉपमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये तीच सोय चालू करावी लागते. प्रूफ बघताना चार जागा हमखास तपासा: 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' मधला ऱ्य, 'ॲ', 'ज्ञ' आणि 'द्ध'. फुटलं तर इथेच फुटतं.

आणि वचनांचे संदर्भ. 'योहान ३:१६' मध्ये कोलन हवा. बऱ्याच टायपिस्टांच्या हातून तिथे विसर्ग पडतो. कागदावर फारसा फरक दिसत नाही, पण फोनवर शोधायला गेलं की तो संदर्भ सापडत नाही.

कृष्णाघाट
पटलं. मग पत्रकाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही हे ठरलं का?

वाईची_ताई (वाई)
अजिबात टाकू नये. फोटोतला मजकूर कॉपी होत नाही, शोधता येत नाही, ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनला वाचून दाखवता येत नाही. त्यातून व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, बारीक अक्षर धूसर होतं. चित्र स्टेटससाठी, १०८० बाय १९२० चं, त्यावर तीन ओळी: काय, कधी, कुठे. बाकी सगळं साध्या मजकुरात.

ग्रुपवरच्या सूचनेचा साचा ठरवून घ्या:

पहिली ओळ: काय आहे, ठळक.
दुसरी: वार, तारीख, महिना, वर्ष, वेळ.
तिसरी: जागा, ओळखीच्या खुणेसह.
चौथी: कुणाला फोन करायचा, नाव आणि नंबर.

'उद्या', 'येत्या रविवारी', 'आज संध्याकाळी' असं लिहू नये. निरोप पुढे पाठवला जातो, दोन दिवसांनी दुसऱ्या गावात पोचतो, आणि तिथे 'उद्या' म्हणजे भलताच दिवस होतो. वर्ष न लिहिलेलं नाताळचं चित्र तर पुढच्या डिसेंबरातही फिरतं.

फोन नंबर इंग्रजी आकड्यांत टाका, बोट लावताच फोन लागतो. देवनागरी आकड्यांना ती सोय मिळेल याचा भरवसा नाही. कागदावर मात्र आकडे एकाच पद्धतीचे ठेवा. अर्धे मराठी अर्धे इंग्रजी असतील तर मराठी १ आणि इंग्रजी 9 ओळखताना वयस्कर डोळ्यांचा घोटाळा होतो.

शनिवारी संध्याकाळी सातला एक निरोप, रविवारी सकाळी सातला त्याची आठवण. एवढंच. सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं ठेवा, गप्पा आणि वाढदिवस दुसऱ्या ग्रुपवर. ब्रॉडकास्ट यादी करणार असाल तर ध्यानात घ्या, एका यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप मिळतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याच सूचनेचा चाळीस-पन्नास सेकंदांचा आवाजी निरोप. बोलताना तारीख आणि वेळ दोनदा सांगायची.

मिरज_जंक्शन (मिरज)
मृत्यूच्या बातमीचा साचा वेगळा हवा, ताई. कुटुंबातल्या एका माणसाशी बोलल्याशिवाय एक अक्षरही टाकू नये. नाव, कोणत्या कुटुंबातले, प्रार्थना कुठे आणि कधी, दफनविधी कुठल्या दफनभूमीत आणि कधी. त्या निरोपात दुसरी कुठलीही सूचना नको, त्याखाली सजावट नको, आणि अंत्यविधी होईपर्यंत सूचनांच्या ग्रुपवर दुसरं काही जाऊ नये. वेळ बदलली तर आधीचा निरोप पुसून टाकू नका, 'दुरुस्ती' असं लिहून नवा टाका, कारण जुना बऱ्याच ठिकाणी पोचलेला असतो.

आजारी माणसाच्या प्रार्थनाविनंतीचंही तसंच. आजाराचं नाव, दवाखाना, वॉर्ड हे त्या माणसाने होकार दिला तरच. 'अमुक कुटुंबासाठी प्रार्थना करा' एवढं पुरतं. निरोप मंडळीबाहेर जातोच असं धरून लिहावं.

वाईची_ताई
हो, हे माझ्याकडून राहिलं होतं. संडे स्कूलच्या मुलांच्या फोटोंचंही लिहिते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक धरलाय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. जूनमध्ये नाव नोंदवतानाच एका ओळीची संमती पालकांच्या सहीने घ्या. फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव आणि शाळा एकत्र लिहू नका.

कास_पठार (सातारा)
पडद्याबद्दल. ८ बाय साडेचार फूट म्हणजे १६:९ चा पडदा. प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन आधी बघा. ते १०२४ बाय ७६८ असेल तर चित्र ४:३ चं पडेल आणि दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहील. १९२० बाय १०८० असेल तर हिशोब असा:

पडद्याची उंची ५४ इंच, चित्राची उंची १०८० पिक्सेल, म्हणजे एका इंचाला २० पिक्सेल. दर २५ फुटांना अक्षराची एक इंच उंची हे किमान, म्हणजे ५० फुटांवरच्या बाकासाठी दोन इंच, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. ती ४० पिक्सेल झाली. फॉन्टच्या मापात हा भाग साधारण निम्मा असतो, म्हणून माप ८० पिक्सेलच्या खाली नको. ९६ धरा. दोन ओळींतलं अंतर दीडपट ठेवलं तर पाच ओळी ७२० पिक्सेलमध्ये बसतात, वरखाली हवा राहते. सहावी ओळ घालू नका.

कडवं तोडायचंच झालं तर अर्थ जिथे पुरा होतो तिथे तोडा, ओळीच्या मधे नको. ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा लिहून घाला. 'ध्रु.' एवढंच लिहिलं तर मंडळीतल्याला कळतं, पाहुणा गप्प उभा राहतो. कोपऱ्यात गायनपुस्तकातला क्रमांक हवाच, पुस्तक धरून गाणारे बरेच असतात. पुढची स्लाइड शेवटचा शब्द गाऊन होण्याआधी बदलायची, शेवटच्या ओळीच्या मध्यावर. नंतर बदलली तर सगळी मंडळी एक मात्रा मागे पडते.

रंग: अंधार करता येत असेल तर गडद निळ्यावर पांढरं. सकाळी खिडक्यांतून ऊन येत असेल तर उलट करा, पांढऱ्यावर काळं, कारण उन्हात गडद पार्श्वभूमी करडी पडते आणि फरकच उरत नाही. मागे डोंगर, समुद्र, हलते ढग नकोत. मात्रा आणि अनुस्वार त्यात हरवतात. चाचणी रविवारी भक्तीच्याच वेळेला, शेवटच्या बाकावर बसून घ्या. शनिवारी रात्री सगळंच छान दिसतं.

पडद्यावर गीतं दाखवायचं ओपनएलपी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात गीतं एकदा भरली की क्रमांकाने सापडतात.

हळदपेठ
गीतं पडद्यावर, पत्रकात आणि यूट्यूबवर घालायला परवानगी लागते का?

सेक्रेटरी_काका (सातारा)
कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांच्या गीतांचे शब्द मोकळे आहेत. अलीकडच्या गीतकारांच्या शब्दांना लेखी परवानगी घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीत गीत गाण्याला सूट आहे, पण छापणं आणि यूट्यूबवर कायम ठेवणं हा वेगळा वापर आहे. गायला हरकत नाही म्हणून छापायलाही हरकत नाही असं समजू नका. वचनांखाली पवित्र शास्त्राचं कोणतं भाषांतर घेतलं ते लिहा. जुनं भाषांतर आणि सुबोध भाषांतर यांचे शब्द वेगळे असतात, आणि वाचणाऱ्याच्या हातात दुसरं असेल तर तो गोंधळतो.

क्यूआरबद्दल. कोड मंडळीच्या विश्वस्त संस्थेच्या खात्याचा हवा, पाळकांच्या किंवा खजिनदारांच्या खासगी खात्याचा कधीच नको. कोडखाली खात्याचं नाव मोठ्या अक्षरात छापा आणि 'पैसे पाठवण्याआधी हेच नाव दिसतंय का बघा' असं लिहा. वरून दुसऱ्याच कोडचा स्टिकर चिकटवण्याची फसवणूक होते, म्हणून कोड काचेखाली लावा आणि दर रविवारी भक्तीआधी एकदा स्वतः स्कॅन करून नाव बघा.

माप: स्कॅन करायच्या अंतराचा दहावा हिस्सा. हातातल्या पत्रकावर अडीच सेंटीमीटर, दोन मीटरवरून स्कॅन करायचा भिंतीवरचा कोड २० सेंटीमीटर. भोवती पांढरी चौकट सोडा, त्यात नक्षी नको. मोफत संकेतस्थळांवरून 'डायनॅमिक' कोड (त्यांच्या संकेतस्थळामार्फत पुढे नेणारा) बनवू नका, मुदत संपली की तो बंद पडतो आणि छापलेलं सगळं वाया जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दानाचा क्यूआर यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणावर दाखवू नका. परदेशी नागरिकाकडून दान घ्यायचं तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेला नातेवाईक परदेशातून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो ते परदेशी दान धरत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याचं धरतात, त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असलं तरी. पडद्यावरचा कोड कोण स्कॅन करतंय ते तुम्हाला कळणार नाही.

हळदपेठ
काका, हे कमिटीपुढे जसंच्या तसं ठेवतो. फ्लेक्सचं कुणी सांगेल का?

सुतारपेन्सिल
रस्त्यावरच्या फ्लेक्सला दुचाकीवाला दोन-तीन सेकंद देतो. आठ-नऊ शब्द, त्याखाली तारीख, वेळ, जागा. बस. कमिटीतल्या सगळ्यांचे फोटो आणि शुभेच्छुकांची यादी घातली की तारीख तळाशी बोटभर होते, आणि बाहेरच्या माणसाला हवी असते ती तारीखच.

६ बाय ३ फुटांचं डिझाइन पूर्ण मापात ७२ ते १०० डीपीआयला (एका इंचातले ठिपके) करा. ३०० ला केलं तर फाइल जड होते, फरक दिसत नाही. कडेला चारही बाजूंनी तीन इंच मोकळे सोडा, तिथे घडी आणि आयलेट (दोरीची भोकं) येतात.

आगमनकाळाचा जांभळा रंग छापून आला की निळा दिसतो, ही कायमची तक्रार. स्क्रीनवरचा रंग आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश) असतो, छपाई सीएमवायकेत (सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळी आणि काळी शाई) होते. सायन आणि मॅजेंटा यांत निदान ३० टक्क्यांचा फरक ठेवा, सायन ७० आणि मॅजेंटा १०० असा. पत्रकातला बारीक मजकूर फक्त शंभर टक्के काळ्यात. चार रंगांच्या मिश्रणातलं काळं घेतलं तर रंग जरा सरकले तरी मात्रांना सावली येते.

परवानगी घेतल्याशिवाय चौकात लावू नका. मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा १९९५ पासून आहे. महापालिकेच्या परवान्याचा क्रमांक आणि मुदत यांची जागा डिझाइनमध्येच ठेवा. आवाराच्या आत लावायचा असेल तर कापडी फलक करा: 'नाताळची उपासना' आणि मंडळीचं नाव कायमचं, तारीख-वेळेची पट्टी वेगळी, दरवर्षी बदलायची.

जुळारी
दिनदर्शिका काढणार असाल तर ऑक्टोबर अखेर मजकूर छापखान्यात हवा, नोव्हेंबरात लग्नपत्रिकांची गर्दी होते. कागद चकचकीत आर्ट पेपर घेऊ नका. त्यावर बॉलपेन उठत नाही, आणि आपल्याकडे दुधाचा नि गॅसचा हिशोब दिनदर्शिकेवरच लिहितात. ९० जीएसएम मॅपलिथो बरा. प्रत्येक रविवारच्या चौकटीत शास्त्रपाठ छापा, भिंतीवर वर्षभर राहणारी ती एकच वस्तू आहे. शुभेच्छापत्राला ३०० जीएसएम आर्ट कार्ड चालेल, पण घडीआधी क्रीजिंग (घडीची रेघ दाबून घेणं) करून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते.

मिरज_जंक्शन
नव्याने येणाऱ्या माणसासाठी दोन गोष्टी सुचवतो. मिरजेला दवाखान्यांसाठी कर्नाटकातून माणसं येतात, १८९४ पासून, वानलेस दवाखाना सुरू झाला तेव्हापासून. पेशंटबरोबर आलेला माणूस रविवारी भक्तीला येतो, त्याला मराठी बोललेलं कळतं पण वाचता येत नाही. पत्रकाच्या पहिल्या पानावर दोन ओळी कन्नडमध्ये द्या: भक्ती किती वाजता, किती वेळ चालते, प्रार्थनेसाठी कुणाला भेटायचं. कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून लिहून आणि तपासून घ्या, यंत्राच्या भाषांतरावर सोडू नका.

दुसरं, उपासनाक्रमात 'उभे राहून', 'बसून' हे प्रत्येक ओळीपुढे लिहा, आणि प्रभुभोजनात कुणी सहभागी व्हायचं ते एका प्रेमळ वाक्यात. पाहुण्याला कुणाला विचारायचं तेही माहीत नसतं. गुगल नकाशावर मंडळीची खूण फाटकावर आहे का बघा. बऱ्याचदा ती मागच्या बोळात पडलेली असते. नाताळ आणि उत्तम शुक्रवारच्या वेळाही तिथे वेगळ्या भरा.

कृष्णाघाट
सांगलीकरांसाठी पुराचा साचा आत्ताच तयार ठेवा. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी ४० कडे निघालं की निरोपांचा पूर येतो आणि २०१९, २०२१ चे व्हिडिओ नव्याने फिरतात. मंडळीच्या निरोपात पहिल्या ओळीत तारीख आणि तास-मिनिट हवेत. फक्त मंडळीच्या अखत्यारीतलं लिहा: सभागृह उघडं आहे का, किल्ली कुणाकडे, किती माणसांची सोय, जेवण आहे की नाही, एकच फोन नंबर. पाण्याची पातळी आणि सोडलेला विसर्ग स्वतः लिहू नका, जिल्हा प्रशासनाचा निरोप तसाच जोडा. मदतीची यादी मागतानाही आकडे लिहा, 'चादरी ४०, पाण्याचे जार १५' असे. 'मदत पाठवा' म्हटलं की जुने कपडे येतात आणि प्यायचं पाणी राहतं. पुरवठा झाला की त्याच दिवशी 'आता नको' असाही निरोप जायला हवा.

हळदपेठ
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: पत्रक ए५ घडीचं, १४ पॉइंट, १२० प्रती आणि मोठ्या अक्षराच्या १२. मजकूर युनिकोडमध्ये एकदाच, बुधवारी रात्रीपर्यंत सूचना घेणं बंद, गुरुवारी पाळकसाहेब आणि आणखी एकजण वाचणार, शुक्रवारी छपाई. पडद्यावर पाच ओळी, ९६ पिक्सेल. पहिल्या पानाचा नमुना:

आगमनकाळाचा पहिला रविवार
रविवार, २९ नोव्हेंबर २०२६
भक्ती: सकाळी ९:३०, साधारण दीड तास
शास्त्रपाठ: यशया ९ः२
कोणीही यावे. मोठ्या अक्षरातलं पत्रक दाराशी मिळेल.

जुळारी
'दाराशी' च्या आधी 'आणि कन्नड माहिती' घाला. दुसरा वाचणारा टाइप करणाऱ्याच्या घरातला नको. एकाच घरात एकच चूक दोघांना दिसत नाही.

सुतारपेन्सिल
यशया ९ च्या पुढे विसर्ग पडलाय, कोलन करा. बाकी छापायला हरकत नाही.